गाडीतल्या दुसऱ्या पाण्याकडे बघा

ज्यांच्या गाडीच्या मागे 'सुपरचार्ज्ड' लिहिलेलं आहे आणि ज्यांनी अशी गाडी सेकंडहँड बाजारातून घ्यायचं मनात आणलं आहे, त्यांच्याशी आज सरळ बोलायचं आहे. तुमच्या गाडीत पाणी दोन ठिकाणी फिरतं. पहिलं इंजिनाभोवती फिरतं, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याचा काटा डॅशबोर्डवर असतो, ते तापलं की लाल दिवा लागतो आणि गॅरेजमध्ये बोनेट उघडलं की मेकॅनिकची नजर आधी तिकडेच जाते. दुसरं पाणी इंजिनात जाणाऱ्या हवेला थंड करतं. त्याचा पंप वेगळा, रेडिएटर वेगळा, होस वेगळे. बहुतेक गाड्यांत त्याला काटा नाही, दिवाही नाही. ते फिरायचं थांबलं तरी गाडी चालत राहते, म्हणून वर्षानुवर्षं त्याची विचारपूस कुणी करत नाही. माझी विनंती एवढीच आहे की पुढचा रुपया पुलीवर, रीमॅपवर किंवा सायलेन्सरवर खर्च करण्याआधी हे दुसरं पाणी तपासून घ्या.

हे आत्ताच सांगायचं कारण आहे. रेंज रोव्हर सुपरचार्ज्ड, जॅग्वारची एफ-टाइप, ऑडीचं ३.० टीएफएसआय इंजिन, एएमजीची ५५ मालिका या गाड्या नव्या असताना फार थोड्या लोकांना परवडत होत्या. आता त्यांची वयं झाली आहेत. मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या हौशी, कष्टाने पैसे जमवलेल्या माणसांच्या हाती येतात. पहिल्या मालकाकडे कंपनीची वॉरंटी होती. तुमच्याकडे नाक्यावरचा ओळखीचा मेकॅनिक आहे, आणि त्याने अशी गाडी आयुष्यात दोन-तीनदाच पाहिलेली असते. (पुण्यात जोडल्या गेलेल्या मर्सिडीजच्या सी २०० कॉम्प्रेसरवाल्यांनी घाबरू नये. तिच्यात हवेनेच हवा थंड करायची सोय आहे, दुसरं पाणी नाही. जाळी साफ ठेवा आणि होस फाटले नाहीत ना ते बघा.)

आता हवा का तापते, ते नीट समजून घेऊ, कारण ते समजलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा दाबली की तापतेच, त्याला इलाज नाही. नागपूरला मे महिन्यात ४४ अंश असताना सुपरचार्जरने ०.७ बार, म्हणजे साधारण १० पीएसआय दाब दिला, तर अगदी आदर्श यंत्रातही हवा ९५ अंशांच्या आसपास जाते. प्रत्यक्षातलं कुठलंच यंत्र आदर्श नसतं. रोटरच्या फटींतून हवा मागे गळते, घुसळली जाते. त्यामुळे बाहेर पडणारी हवा सहज १२० अंशांच्या पुढे असते. दाब १ बारवर नेलात तर १४० ओलांडते. त्यात बऱ्याच व्ही इंजिनांत सुपरचार्जर दोन्ही सिलिंडर-ओळींच्या मधोमध, इंजिनाच्या ऐन माथ्यावर बसलेला असतो, म्हणजे खालूनही शेक लागतोच.

तापलेली हवा विरळ असते. १२० अंशांची हवा ६० अंशांवर आणली, तर त्याच दाबात जवळजवळ पाचवा हिस्सा जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते. तेवढं पेट्रोल जास्त जाळता येतं, तेवढी ताकद वाढते. पण ताकदीपेक्षा मोठी गोष्ट नॉकिंगची आहे. गरम हवेतलं मिश्रण ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यात आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा दाब येतो. आजकालच्या गाड्यांचा कॉम्प्युटर हे ओळखतो आणि ठिणगी उशिरा टाकायला लागतो. इंजिन वाचतं, पण गाडी ओढत नाही. मालक म्हणतो, 'पिकअप गेला.' मग प्लग बदलले जातात, इंजेक्टर साफ होतात, फिल्टर नवा येतो, पेट्रोल पंपावर संशय घेतला जातो. पंधरा-वीस हजार खर्चून होतात आणि बंद पडलेला छोटा पंप समोरच्या बंपरमागे तसाच राहतो.

ही हवा थंड करायचे दोन मार्ग आहेत. एक, तिला लांब नळीने गाडीच्या तोंडाशी नेऊन मोठ्या जाळीतून फिरवायचं आणि परत आणायचं. बहुतेक टर्बो डिझेल गाड्यांत हेच आहे. पण इंजिनाच्या डोक्यावर बसलेल्या सुपरचार्जरमधून हवा एवढ्या लांब नेऊन आणायला जागा नसते. म्हणून त्याच्या पोटातच किंवा मॅनिफोल्डमध्ये छोटी, दाट पात्यांची जाळी, म्हणजे इंटरकूलर, बसवतात. त्या जाळीच्या नळ्यांतून पाणी फिरतं, हवा बाहेरून जाते. पाणी हवेची उष्णता घेतं, समोरच्या छोट्या रेडिएटरपर्यंत नेतं आणि रस्त्यावरच्या वाऱ्याला देऊन परत येतं. इंजिनाचं पाणी या कामाला चालत नाही, कारण ते स्वतःच ९०-१०० अंशांवर असतं. म्हणून हे वेगळं. बाहेरच्या हवेपेक्षा थोडंच गरम राहावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

काम किती मोठं आहे याचा हिशोब करून बघा. ५०० हॉर्सपॉवर देणारं इंजिन पूर्ण जोरात असताना दर सेकंदाला अंदाजे ०.४ किलो हवा ओढतं. तेवढी हवा ६० अंशांनी थंड करायची तर दर सेकंदाला सुमारे २४ किलोजूल उष्णता बाहेर काढावी लागते, म्हणजेच २४ किलोवॅट. आपल्या घरातला गीझर २ किलोवॅटचा असतो. बारा गीझर एकदम चालू ठेवल्यावर जेवढी उष्णता पाण्यात जाईल, तेवढी या दुसऱ्या पाण्यात जात असते, आणि हे पाणी सगळं मिळून पाच लिटरच्या आसपास. समोरच्या रेडिएटरने काहीच केलं नाही असं धरलं, तर दहा सेकंदांच्या जोरदार धावेत हे पाणी १२-१३ अंशांनी तापेल. अशा तीन धावा लागोपाठ झाल्या की चाळीस अंशांची भर. या आकड्यांमुळेच पंप, रेडिएटर आणि पाणी या तिघांपैकी एकही ढिला चालत नाही.

गाडी उभी असतानाही उष्णता थांबत नाही, हे पुष्कळ मालकांच्या लक्षात येत नाही. एक्स्प्रेसवेवर जोरात आलात, फूड मॉलला गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि चहा घेऊन पंधरा-वीस मिनिटांनी परतलात. या वेळात इंजिनाची सगळी धग वर चढून सुपरचार्जरच्या अंगात मुरलेली असते. पाणी फिरत नव्हतं, वारा नव्हता. आता चावी फिरवून लगेच रॅम्पवरून गाडी ताणलीत, तर इंजिन अत्यंत गरम हवा ओढतंय. म्हणून सवय लावून घ्या. थांबण्याआधीचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर निवांत चालवा आणि पुन्हा निघाल्यावर पहिले दोन-तीन किलोमीटरही तसेच. याला एक पैसा लागत नाही. घाटातही तोच नियम. खंडाळ्यात किंवा कसाऱ्याला ट्रकच्या मागे रांगत वर चढताना वारा नसतो, एसी पूर्ण चालू असतो, आणि एसीचा कंडेन्सर आपली उष्णता त्याच तोंडाशी सोडत असतो. माथ्यावर पोचून मोकळा रस्ता दिसला म्हणून लगेच पाय दाबू नका. एक-दोन मिनिटं वारा लागू द्या.

ही अडचण फक्त आपल्या उन्हाची किंवा जुन्या गाड्यांची आहे असं कुणी समजू नये. अमेरिकेत शेव्हरोलेची २०१५ची कॉर्व्हेट झेड०६ आली. इंजिन ६.२ लिटर, ताकद ६५० हॉर्सपॉवर, वर १.७ लिटरचा छोटा, फार वेगाने फिरणारा सुपरचार्जर. ट्रॅकवर काही फेऱ्या मारल्या की गाडी तापते आणि ताकद कमी करते, अशा तक्रारी आल्या. मालक कोर्टात गेले. २०१७च्या मॉडेलला कंपनीने मोठ्या झरोक्यांचं बोनेट आणि सुपरचार्जरचं नवं झाकण दिलं. मग २०१९ची झेडआर१ आली. ताकद ७५५वर नेली, पण त्या गाडीत उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळ्या एकूण १३ बसवल्या. एवढी मोठी कंपनी, स्वतःचे चाचणी-ट्रॅक, शेकडो इंजिनिअर, आणि तरी त्यांना हा धडा असा गिरवावा लागला. तिथे गाडीच्या अख्ख्या तोंडाची रचना बदलावी लागली, आणि आपल्याकडे कुणी फक्त छोटी पुली बसवून पन्नास-साठ हॉर्सपॉवर वाढवून देतो म्हणतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न हाच विचारा की वाढलेली उष्णता जाणार कुठून?

डॉजच्या २०१८च्या डेमनचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. ती सरळ रेषेत, पाव मैलाच्या शर्यतीसाठी बनवलेली ८४० हॉर्सपॉवरची गाडी. तिच्या इंजिनिअरांनी केबिनच्या एसीचा गॅस गरज पडेल तेव्हा प्रवाशांकडून काढून या दुसऱ्या पाण्याकडे वळवला. शर्यत संपून इंजिन बंद केल्यावरही पंखा आणि या पाण्याचा पंप चालू राहतो, म्हणजे उभ्या गाडीत धग मुरत नाही. आणि पडद्यावर त्या पाण्याचं तापमान दिसतं. ते पाहून चालकाने ठरवायचं की पुढची धाव आत्ता घ्यायची की थांबायचं. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आपल्या गाडीत एसीचा गॅस वळवता येणार नाही, पण आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघता येतं. साधा ओबीडी स्कॅनर आणि मोबाइल पुरतो.

आता पंपाबद्दल, कारण बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. हा विजेवर चालणारा छोटा पंप असतो, मुठीएवढा, बंपरमागे किंवा चाकाच्या कमानीजवळ. तिथे चिखल, पाणी, दगड सगळं लागतं. वय झालं की त्याचे बेअरिंग झिजतात, विजेच्या जोडात गंज चढतो, आत गाळ अडकतो. कधी पंप पूर्ण मरतो, कधी फिरतो पण पाणी ढकलत नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण हात लावला तर थरथर जाणवते आणि मेकॅनिक म्हणतो, 'पंप चालू आहे.' थरथर म्हणजे प्रवाह नव्हे. प्रवाहच बघायला हवा. या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून (गाडी थंड असतानाच, गरम असताना कधीही नाही) आत पाणी हलतंय का, परतीच्या नळीतून धार येतेय का, ते पाहा. काही गाड्यांत पंप नुसती चावी फिरवून चालू होत नाही. कॉम्प्युटर ठरावीक तापमानालाच त्याला हुकूम देतो. तिथे स्कॅनरमधून पंप मुद्दाम चालवून बघावा लागतो. चांगल्या गॅरेजवाल्याला हे करता येतं. त्याने नकार दिला तर दुसरा शोधा.

आणखी एक साधी परीक्षा सांगतो. गाडी अर्धा तास व्यवस्थित चालवून आणा आणि तापमान मोजायच्या छोट्या बंदुकीने, नाहीतर जपून हात जवळ नेऊन, समोरच्या त्या छोट्या रेडिएटरच्या दोन्ही नळ्या तपासा. आत जाणारी नळी कोमट आणि बाहेर येणारी थोडी कमी, असं असेल तर ठीक. सुपरचार्जरचं अंग तापलंय आणि समोरचा रेडिएटर मात्र बाहेरच्या हवेएवढाच गार, असं असेल तर पाणी फिरतच नाही. आधी फ्यूज आणि रिले बघायला सांगा. ती शंभर-दोनशे रुपयांची गोष्ट असते. मग वायरिंग, मग पंप.

स्कॅनरवर बघायचा आकडा म्हणजे इनटेकच्या हवेचं तापमान. काही गाड्यांत असे दोन सेन्सर असतात, एक सुपरचार्जरच्या आधी आणि एक थंड झाल्यानंतर. आपल्याला दुसरा हवा. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात हा आकडा बाहेरच्या तापमानाच्या पुढे दहा-वीस अंशांत राहायला हवा. ट्रॅफिकमध्ये तो वर जातो, त्याने घाबरू नका. रस्ता मोकळा झाल्यावर तो किती लवकर खाली येतो, यावर लक्ष ठेवा. सुदृढ गाडीत दोन-तीन मिनिटांत उतार दिसतो. उतरतच नसेल, किंवा दर वेळी पाय दाबल्यावर चढून तिथेच बसत असेल, तर दुसरं पाणी आजारी आहे. गाडी चांगली असतानाच हे आकडे एका वहीत लिहून ठेवा. बाहेर किती अंश होते, आत किती. वर्षभराने तुलना करायला तुमच्याच गाडीचे आकडे हवेत, दुसऱ्याच्या गाडीचे उपयोगाचे नाहीत.

नवा पंप बसवला, होस बदलला किंवा ॲक्सिडेंटनंतर बंपर उघडून रेडिएटर बदलला, की पाणी पुन्हा भरावं लागतं. इथे घाई झाली की सगळं काम वाया जातं. या पंपांना हवा ओढता येत नाही. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की पंप नुसता फिरत राहतो आणि कोरडा फिरून जळतोही. नवा पंप महिन्यात गेला म्हणून दुकानदाराशी भांडणारे मालक असतात. पंप बसवताना आतली हवा काढली होती का, हे आधी विचारायला हवं. व्हॅक्यूम लावून पाणी भरणं सगळ्यात चांगलं. ते यंत्र नसेल तर गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात हवा काढायचे स्क्रू कुठे आहेत ते दिलेलं असतं. त्या क्रमाने हवा काढायला लावा आणि दोन दिवस चालवून पातळी पुन्हा तपासा.

पाणी कुठलं? बोअरचं नको आणि नळाचंही नको. आपल्याकडे बऱ्याच भागांत पाणी इतकं जड आहे की बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. तोच थर या जाळीच्या बारीक नळ्यांत बसतो. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, एवढंच. नुसतं पाणी जास्त उष्णता वाहतं हे खरं आहे. म्हणून 'कूलंट काढून टाका, पाणी भरा, गाडी जास्त ओढेल' असा सल्ला देणारे भेटतात. पण ॲल्युमिनियमची जाळी गंजण्यापासून वाचवणारी रसायनं कूलंटमध्येच असतात, पंपालाही त्यांचाच आधार असतो. हिरवं, गुलाबी, नारिंगी कूलंट एकमेकांत मिसळू नका. काही जोड्या एकत्र आल्या की चिकट गाळ होतो. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर हे आणखी कळकळीने सांगायला हवं. शर्यतीच्या दिवशी टाकीत नुसतं पाणी आणि बर्फ घातला, कूलंट परत भरायचं राहून गेलं आणि पुढे थंडी पडली, तर गोठलेलं पाणी जाळी फोडतं.

समोरची जाळी साफ ठेवा. किडे, वाळलेली पानं, प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे, लाल धूळ हे सगळं कंडेन्सर आणि छोट्या रेडिएटरच्या मधल्या फटीत साचतं आणि बाहेरून दिसत नाही. वर्षातून एकदा बंपर काढून, हलक्या धारेने, आतून बाहेर धुवा. सर्व्हिसिंग सेंटरवरचा प्रेशरचा फवारा जवळून मारला की पाती आडवी होतात आणि वारा कायमचा अडतो. कोकण-गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे वर्षातून दोनदा करावं. खाऱ्या हवेत ही पाती पीठ होऊन गळतात.

आता ताकद विकणाऱ्यांबद्दल. छोटी पुली बसवली की सुपरचार्जर वेगाने फिरतो, दाब वाढतो, आणि वर सांगितलेलं गणित सगळंच्या सगळं वर सरकतं. ताकद मोजायच्या डायनोवर पहिल्या धावेत आकडा छान येतो. त्यावर फोटो निघतो. चौथ्या धावेचा आकडा मागा. दोन-तीन मिनिटांच्या अंतराने लागोपाठ चार धावा घ्यायला लावा आणि प्रत्येक वेळी हवेचं तापमान लिहून घ्या. चौथ्या धावेत गाडी मूळ ताकदीच्याही खाली येत असेल, तर तुम्ही पैसे देऊन गाडी कमजोर केली आहे. ट्यूनिंग करणाऱ्या तरुण मुलांना माझं सांगणं आहे, की गिऱ्हाइकाला चौथा आकडा आपणहून दाखवा. तुमच्याकडे लोक टिकतील. आणि मालकांनी हेही लक्षात ठेवावं की इंजिनात बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची बंधनं आहेत. विमा कंपनीला न सांगता केलेले बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर क्रम असा ठेवा. आधी पंप कंपनीच्या दर्जाचा नवा. मग पाणी, होस, क्लिपा. मग जाळीची साफसफाई. एवढ्यावरच बऱ्याच गाड्या पुन्हा नव्यासारख्या ओढायला लागतात आणि पुढचं काही करावंसंच वाटत नाही. तरी हौस उरली तर मोठा रेडिएटर, पण तो बसवताना त्याच्या मागे एसीचा कंडेन्सर आणि इंजिनाचा रेडिएटर आहे हे विसरू नका. समोर जाड जाळी लावली की मागच्या दोघांचा वारा अडतो, आणि दुसरं पाणी थंड करताना पहिलंच तापायला लागतं. मोठी टाकी बसवण्यात फायदा आहे, पण मर्यादित. जास्त पाणी उशिरा तापतं आणि तितकंच उशिरा थंडही होतं. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या शर्यतींसारख्या काही सेकंदांच्या धावेला ती उपयोगी, तिथे बर्फही चालतो. दुबई-अबुधाबीच्या रस्त्यावर रोज तासभर ४५ अंशांत चालणाऱ्या गाडीला मात्र टाकी वाचवणार नाही. तिथे रेडिएटर आणि वाराच हवा.

आणि हे वाचून 'आपली काय सुपरचार्जरवाली गाडी नाही' म्हणून पान उलटणाऱ्यांनी थोडं थांबावं. चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या टीएसआय गाड्या, जुन्या पोलो जीटीपासून आजच्या १.० लिटरपर्यंत, टर्बोच्या आहेत, पण त्यांची इनटेकची हवा मॅनिफोल्डमध्ये बसवलेल्या पाण्याच्या जाळीनेच थंड होते. त्यांनाही विजेचा वेगळा पंप आणि वेगळा छोटा रेडिएटर आहे. बोनेट उघडल्यावर टाकी एकच दिसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. रस्त्यावर अशा गाड्या लाखांनी आहेत आणि त्या चालवणारे साधे नोकरदार लोक आहेत. उन्हाळ्यात गाडी अचानक मंद वाटायला लागली, तर सर्व्हिस सेंटरला 'इंटरकूलरचा पंप तपासा' असं जॉब कार्डावर लिहून द्या. नुसतं 'पिकअप कमी' लिहिलंत तर फिल्टर बदलून गाडी परत येईल.

शेवटी, गाडी घेताना बघायची आणि घेतल्यावरही कधी दुर्लक्ष करू नये अशी एक गोष्ट. हवा थंड करणारी पाण्याची जाळी इनटेकच्या आत बसलेली आहे. ती बाहेर गळली तर जमिनीवर डाग पडतो. आत गळली तर पाणी सरळ सिलिंडरमध्ये जातं. टाकीतली पातळी हळूहळू उतरतेय पण खाली एक थेंब नाही, सकाळी सुरू करताना इंजिन क्षणभर अडखळतं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, असं काही दिसलं तर पाण्याची भर घालत गाडी चालवत राहू नका. पाणी दाबलं जात नाही. रात्रभर सिलिंडरमध्ये साचलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पूर्ण इंजिन उघडावं लागतं. सौद्याच्या वेळी विकणाऱ्याला म्हणा, दुसऱ्या पाण्याची प्रेशर टेस्ट माझ्यासमोर करा, पंधरा मिनिटं दाब धरून ठेवा. खर्च मी देतो. काटा जरा जरी उतरला आणि बाहेर कुठे ओल दिसली नाही, तर पुन्हा स्टार्टर मारू देऊ नका. आधी सगळे प्लग काढायला सांगा, इंजिन हाताने फिरवून कुठल्या भोकातून पाणी येतं ते बघा, आणि गाडी तिथून टोइंगवरच हलवा.